एकाहत्तरच्या टाळ्या, सत्त्याऐंशीची फाईल

महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या ४८ आणि राज्यसभेत बसलेल्या १९ सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय खासदार,

सप्रेम जय हिंद.

१६ डिसेंबरला आमच्या तालुक्याच्या गावी विजय दिवसाचा कार्यक्रम झाला. आम्हा माजी सैनिकांना पुढच्या रांगेत बसवलं, शाल-श्रीफळ झालं, मग भाषणं सुरू झाली. तुमच्यापैकीच एक जण म्हणाले, बांगलादेशात जे चाललंय ते बघता पुन्हा एकदा एकाहत्तर करून दाखवायला हवं. टाळ्या पडल्या. मागोमाग दुसऱ्या पक्षाचे वक्ते उठले आणि म्हणाले, श्रीलंकेत तोंड पोळलं ते विसरलात वाटतं! त्यांनाही टाळ्या पडल्या, जरा कमी. तेवढ्यावर विषय संपला आणि चहा आला.

श्रीलंकेत गेलेल्यांपैकी मी एक आहे. पलटणीत वायरलेस ऑपरेटर होतो. माझं नाव आणि पलटण इथे लिहीत नाही, कारण तक्रार माझ्या एकट्याची नाही. मी कुठल्या पक्षाचाही नाही. पण परदेशात फौज पाठवावी की नाही, हा प्रश्न जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा तुम्ही मंडळी एक जुनी लढाई खिशातून काढता आणि समोरच्याच्या तोंडावर मारता. त्या लढायांत आमची माणसं गेली आहेत. ती लढाई नेमकी कशी झाली हे तुम्हीही वाचलेलं नाही, आणि आम्हालाही वाचू दिलेलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी थोडं श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफन्याबद्दल. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथलं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातली लढाई थांबवण्याच्या करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्या तुकड्या पालालीच्या धावपट्टीवर उतरत होत्या. शांतिसेना म्हणून गेलो होतो. लोकांनी हार घातले. तमिळ येत नव्हतं तरी पोरं भोवती जमायची. दोन महिन्यांत सगळं फिरलं. उपोषणाला बसलेला, वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीई या 'वाघां'च्या संघटनेचा तिलीपन २६ सप्टेंबरला गेला. ५ ऑक्टोबरला पालालीच्या तळावर श्रीलंकेच्या ताब्यात असलेल्या बारा वाघांनी सायनाइड खाऊन जीव दिला, आणि आठवड्याच्या आत आम्ही लढाईत होतो. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकच जिवंत राहिला, आणि तोही पकडला गेला. आपलं वायरलेसवरचं बोलणं शत्रू ऐकत होता, हे नंतर कळलं.

त्यानंतर आमच्या कंपनीत आम्ही ठरवून माणदेशी बोलायला लागलो. गस्तीच्या तुकडीला 'गुरं', दारूगोळ्याला 'सरपण'. "गुरं वढ्यापातुर आली, दोन जनावरं लंगडत्यात," असा निरोप मी कितीदा तरी वर दिला असेल. लंगडत्यात म्हणजे स्ट्रेचर पाठवा. लाल मातीच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही अंगांना माणसापेक्षा उंच ताडाच्या झापांची कुंपणं, आणि त्या झापांमागे कोंबडी आहे की बंदूक हे पाऊल टाकल्याशिवाय कळायचं नाही. सुरुंग प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलेले, त्यामुळे डिटेक्टर ओरडायचा नाही. आमच्या हातात एसएलआर रायफल, त्यांच्या हातात एके-४७.

त्याच नोव्हेंबरच्या २५ तारखेला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि मग प्राण सोडला. मुंबईत जन्मलेला हा अधिकारी. शांतिसेनेला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे. तुमच्यापैकी किती जणांच्या भाषणात हे नाव आलंय, मनाशी आठवून बघा.

दुसरीही एक तारीख आहे आणि ती लिहिताना हात अडतो. २१ ऑक्टोबर, तिथल्या दिवाळीचा दिवस. जाफन्याच्या इस्पितळात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. तिथले तमिळ लोक त्याला हत्याकांड म्हणतात. आपल्या बाजूने सांगितलं गेलं की ते चकमकीत सापडले. मी तिथे नव्हतो. पण माझ्या अंगावर तोच गणवेश होता, आणि त्या दिवशी खरं काय झालं ते मला माझ्या सरकारच्या कागदातून कळायला हवं, लोकांच्या कुजबुजीतून नको.

काही आठवड्यांत आटोपेल असं धरून गेलेलं काम बत्तीस महिने चाललं. ३० जुलै १९८७ ते २४ मार्च १९९०. चार डिव्हिजन फौज, अकराशेहून जास्त मृत्यू, तीन हजारांच्या घरात जखमी. ज्या श्रीलंका सरकारशी करार होता, त्याच सरकारने पुढचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांच्या काळात एलटीटीईला आमच्याविरुद्ध हत्यारं दिली. शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. पुढच्या वर्षी श्रीपेरुंबुदूर घडलं, राजीव गांधींची हत्या झाली.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार ही की तुम्ही एकाहत्तर अर्धंच सांगता. तेरा दिवसांची लढाई, त्र्याण्णव हजार कैदी, आणि ढाक्यात शरणागतीवर सही करणारा पाकिस्तानी सेनापती नियाझी. एवढ्यावर सभा जिंकता येते. पण ते तेरा दिवस कशावर उभे होते? डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या होत्या. म्हणजे कुणाच्या बाजूने जायचं हे तिथल्या लोकांनी मतपेटीतून सांगून ठेवलं होतं. सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या हद्दीत आले होते, त्यामुळे आपल्या जाण्याला कारण होतं आणि ते जगाला दिसत होतं. तिथल्याच बंडखोरांची मुक्तिवाहिनी वाट दाखवायला होती. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत तयारी चालली. मध्येच ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, त्याने मागची बाजू राखली. आणि मार्च १९७२ मध्ये आपली फौज परतसुद्धा आली. इतकं सगळं जुळून आलं तरी सुमारे ३,८०० जवान गेले. यातलं आज काय काय आहे, हे न सांगता 'पुन्हा एकाहत्तर' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या पोराला पैजेवर लावणं आहे.

आणि ऐका, हा खेळ नवा नाही. मला पक्कं वाटतं की सत्त्याऐंशीमध्ये आपण जाफन्यात गेलो तेही एकाहत्तरच्याच जोरावर. दिल्लीच्या डोक्यात ढाका होतं. कोलंबोच्याही डोक्यात ढाकाच होतं. भारत आता आपल्या बेटाचेही दोन तुकडे करणार, ही सिंहली लोकांची भीती तिथूनच आलेली. फरक एवढाच की जाफन्यात एकाहत्तरमधलं काहीही जुळलेलं नव्हतं. ज्यांच्यात समेट घडवायला गेलो, त्यातल्या एका बाजूने करारावर सहीच केलेली नव्हती. त्याच बाजूच्या पोरांना १९८३ नंतर आपल्याच भूमीवर शिकवून तयार केलं होतं, आणि आम्हा शिपायांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. शांतता राखणं आणि लढणं ही दोन वेगळी कामं. पहिल्यासाठी पाठवलेल्या फौजेला ऐन वेळी दुसरं करायला लावलं.

मालदीवच्या ऑपरेशन कॅक्टसचंही तेच. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून पॅराची माणसं उडाली, हुलहुलेला उतरली, काही तासांत राष्ट्राध्यक्ष गयूम सुरक्षित. नेटकं काम झालं, त्याबद्दल सलाम. पण तिथे बोलावणारं सरकार होतं, समोर भाडोत्री टोळी होती आणि लोक टोळीच्या बाजूने नव्हते. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या सत्ताधाऱ्यांनीच आणीबाणी लावली आणि माजी राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी भारताला फौजेच्या पाठबळावर दूत पाठवायला सांगितलं, तेव्हा आपल्या टीव्हीवर लगेच 'ऑपरेशन कॅक्टस पुन्हा' सुरू झालं. या वेळी बोलावणारा सत्तेबाहेर आणि ज्याला हटवायचं तो सत्तेत, एवढा साधा फरक कुणी थांबून सांगेना. सरकार गेलं नाही. बरं झालं.

दुसरी तक्रार श्रीलंकेचं नाव घेऊन तोंड बंद करणाऱ्यांबद्दल आहे, म्हणजे ज्यांनी माझी बाजू घेतल्यासारखं दाखवलं त्यांच्याबद्दल. एप्रिल २००० मध्ये जाफन्याच्या वाटेवरचा एलिफंट पासचा लष्करी तळ एलटीटीईच्या हाती पडला, जाफन्यातली श्रीलंकेची फौज अडकली, कोलंबोने मदत मागितली. वाजपेयी सरकारने लष्करी हस्तक्षेप करणार नाही असं सांगितलं. तो निर्णय बहुधा योग्यच होता. पण कशामुळे योग्य? सगळे म्हणत होते, 'मागच्या अनुभवामुळे'. तो अनुभव कुणी तपासला होता? चूक हेरगिरीची होती, कराराची होती, लष्करी आखणीची होती की मुळात जाण्याचीच, हे ठरवलंच नाही, तर त्यातून शिकलो काय? २००९ मध्ये त्याच बेटावर युद्धाच्या शेवटी हजारो तमिळ नागरिक समुद्रकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीत मेले. फौज पाठवायला हवी होती असं मी म्हणत नाही. पण त्या वेळी काय काय करता आलं असतं, याची उघड चर्चासुद्धा 'एकदा हात पोळलेत' या तीन शब्दांखाली दाबली गेली. ज्या माणसांनी आम्हाला हार घातले होते, त्यांच्याबद्दल बोलतोय मी.

तिसरी तक्रार कागदांची. ऑपरेशन पवनबद्दल, म्हणजे आमच्या श्रीलंकेतल्या त्या मोहिमेबद्दल वाचायचं तर निवृत्त सेनानी आणि राजनैतिक अधिकाऱ्यांची पुस्तकं आहेत. सेनापती म्हणतो चूक राजदूताची, राजदूत म्हणतो सेनापतीची. मला दुकानात जाऊन विकत घेता येईल असा सरकारने छापलेला इतिहास आजवर सापडलेला नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं. मोहीम संपल्यावर दोन वर्षांत समिती, पुढच्या तीन वर्षांत इतिहास तयार. पंचवीस वर्षांहून जुने कागद तज्ज्ञांनी तपासायचे आणि इतिहास लिहून झाला की राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे. धोरण चांगलं आहे, सरकारचं अभिनंदन. मग पवन संपून पंचवीस वर्षं २०१५ मध्येच झाली, त्याचं काय?

हा रोग जुना आहे आणि त्याचं एक टोक आपल्या कराडपर्यंत येतं. बासष्टच्या पराभवानंतर यशवंतराव दिल्लीला गेले तेव्हा 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असं आपण अजून छाती फुगवून सांगतो. ते संरक्षणमंत्री असतानाच त्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल आला. यशवंतरावांनी १९६३ मध्ये संसदेत त्याबद्दल निवेदन केलं, अहवाल मात्र ठेवला नाही. २०१० मध्ये दुसऱ्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं की तो आजही संवेदनशील आहे. २०१४ मध्ये त्याचा बराचसा भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, म्हणजे जगाने वाचला, तरी आपल्या संसदेच्या पटलावर तो नाही. एकाहत्तरचा सरकारी इतिहाससुद्धा आधी २००० साली वर्तमानपत्रातून फुटला. पूर्व कमांडमधली त्या युद्धाची कागदपत्रं नष्ट झाल्याच्या बातम्या २०१० मध्ये आल्या. माणेकशांनी इंदिराबाईंना 'आत्ता नको' म्हणून थांबवल्याची गोष्ट तुम्ही सगळेच सांगता. तिच्यात किती तथ्य यावर इतिहासकारांत वाद आहे. कागद समोर असते तर वाद एव्हाना मिटला असता.

इंग्रजांकडून सगळंच घेतलं, हे मात्र घेतलं नाही. इराकच्या युद्धात आपण का आणि कसे गेलो याची त्यांनी चौकशी केली आणि २०१६ मध्ये बारा खंडांचा चिलकॉट अहवाल छापला. माजी पंतप्रधानाला बसवून प्रश्न विचारले. त्याआधीच, ऑगस्ट २०१३ मध्ये, सीरियावर कारवाईचा प्रस्ताव त्यांच्या संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला होता. त्या चर्चेत प्रत्येक जण इराकचं नाव घेत होता, पण नाव घेऊन झाल्यावर शेवटी मत द्यावं लागलं आणि ते मोजलं गेलं.

हीच माझी चौथी तक्रार. आपल्याकडे परदेशात फौज पाठवण्यापूर्वी संसदेची मंजुरी घ्यायलाच हवी असा कायदा नाही. १९८७ मध्ये सही आणि विमान यांत एका रात्रीचं अंतर होतं. २००३ मध्ये अमेरिकेला इराकसाठी आपली डिव्हिजनभर फौज हवी होती. तेव्हा एप्रिलमध्ये लोकसभेने युद्धाविरुद्ध ठराव केलेला होता, देशभर चर्चा झाली, आणि १४ जुलैला सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाशिवाय जाणार नाही असं कळवलं. म्हणजे चर्चेला वेळ दिला की बरा निर्णय होऊ शकतो, हे आपल्याच उदाहरणात आहे. त्या वेळी मला राहून राहून कूट आठवत होतं. २९ एप्रिल १९१६ ला इराकातल्या कूट-अल-अमारा इथे पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्कांना शरण गेली, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. आमच्या भागात जुन्या चावड्यांच्या भिंतींवर संगमरवराच्या पाट्या आहेत, गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. आपशिंगे मिलिटरीला जाऊन या. बसरा आणि बगदाद ही नावं तिथल्या म्हाताऱ्यांनी भूगोलाच्या पुस्तकातून शिकली नव्हती. दिल्लीच्या चर्चेत कूटचा उल्लेख मी तरी ऐकला नाही.

पाचवी तक्रार लहान वाटेल. शेजारच्या गावात आमच्याबरोबरच्या एका नायकाची पत्नी आहे. एका कार्यालयात ती सवलतीचा अर्ज घेऊन गेली. अर्जात 'कोणत्या युद्धात' असा रकाना होता. तिने 'श्रीलंका' लिहिलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, "बाई, श्रीलंकेशी आपलं युद्ध कधी झालं?" माणूस उद्धट नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने रकान्यात रेघ मारली आणि अर्ज परत आला. कोलंबोजवळ बत्तरमुल्ला इथे श्रीलंका सरकारने आपल्या शांतिसेनेचं स्मारक बांधलंय, नावांसकट. तिथल्या दगडावर जे आहे ते इथल्या छापील फॉर्मवर नाही.

मागण्या थोड्या आहेत.

ऑपरेशन पवनचा अधिकृत इतिहास प्रसिद्ध करा आणि २०२१च्या धोरणानुसार कागदपत्रं अभिलेखागारात पाठवा. ज्यामुळे आजच्या कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढ्या ओळी काळ्या करा, पण संपूर्ण कपाट बंद ठेवू नका. जाफना इस्पितळाच्या नोंदी त्यात असल्याच पाहिजेत.

हेंडरसन ब्रुक्स अहवाल पटलावर ठेवा. त्याबाबत पुढाकार महाराष्ट्राच्या खासदारांनी घ्यावा, यशवंतरावांचं नाव घेता म्हणून.

परदेशी भूमीवर लढाऊ फौज पाठवायची तर संसदेत चर्चा आणि मतदान बंधनकारक करणारं विधेयक आणा. मालदीवसारखी घाई असेल तर आधी जा, पण ठरावीक मुदतीत सभागृहासमोर या. परतीची अट काय, शत्रू कोण, बोलावलंय कुणी, हे त्या प्रस्तावात लिहिलेलं असावं. खासगी विधेयक मांडायला तुम्हाला पक्षाच्या परवानगीपलीकडे काही लागत नाही, आणि तीही मागून बघायला हरकत नसावी.

सैनिक कल्याणाच्या प्रत्येक फॉर्मवर आणि यादीत ऑपरेशन पवनचा स्वतंत्र उल्लेख करा. याला तर संसदसुद्धा लागत नाही, राज्य सरकारला एक पत्र पुरेल.

तुमचं काम सोपं व्हावं म्हणून पहिल्या मागणीपुरता प्रश्न मीच लिहून देतो. तुमच्यापैकी कुणीही येत्या अधिवेशनात तो स्वतःच्या नावाने द्यावा, माझं नाव कुठे येण्याची गरज नाही.

"संरक्षणमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय:

(अ) १९८७ ते १९९० या काळातील ऑपरेशन पवनच्या अधिकृत इतिहासाचे लेखन पूर्ण झाले आहे काय; असल्यास तो केव्हा प्रसिद्ध होणार;

(आ) जून २०२१च्या धोरणानुसार या मोहिमेची किती कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवली;

(इ) सोपवली नसल्यास, विलंबाची कारणे काय?"

आपला,
शांतिसेनेतील एक माजी वायरलेस ऑपरेटर
जि. सातारा